कुलूपअण्णा

भूपालअण्णा मगदूम समोरून येताना दिसले की आमच्या गावातली भली भली माणसं बोळ बदलायची. तसे अण्णा कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाला शिवी दिली नाही, कुणाकडे उसने मागितले नाहीत, राजकारणावर अवाक्षर बोलले नाहीत. पण ते नगरपालिकेचे लेखापाल होते, आणि माणूस भेटला की 'काय, बरं हाय न्हवं?' असं विचारायच्या ऐवजी ते 'घरफाळा भरला न्हवं?' असं विचारायचे. घरपट्टीला आमच्या कोल्हापूर भागात घरफाळा म्हणतात, आणि तो भरायची घाई इथे कुणाला झालेली मी तरी पाहिलेली नाही. अण्णांच्या विचारण्यात राग नसायचा, जरब नसायची. पोटातून ख्यालीखुशाली विचारावी तसं ते विचारायचे, आणि त्यामुळेच समोरचा जास्त गडबडायचा.

एकदा एका लग्नात मुलीच्या बापानं रीतीप्रमाणे अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कार्य झ्याक चाललंय बघा. दुसरा हप्ता तेवढा ऱ्हायलाय." त्या बिचाऱ्यानं फेटा सांभाळत मांडवातच मोबाइल काढला आणि पैसे भरले. भटजी अक्षतांसाठी खोळंबले होते. त्यानंतर गावात पत्रिका वाटताना अण्णांना पत्रिका द्यायची की नाही यावर घराघरांत चर्चा होऊ लागली, आणि बरेच जण आधी घरफाळा भरून मगच पत्रिका घेऊन येऊ लागले.

मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. मी आजऱ्याचा, म्हणून पहिल्या दिवसापासून अण्णा मला 'आजरेकर' म्हणू लागले. माझं खरं आडनाव त्यांनी नंतर कधी उच्चारल्याचं आठवत नाही. अंगानं शिडशिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, आणि ओठांवर त्या अंगाला न शोभणाऱ्या झुपकेदार मिशा. आवाज मात्र अगदी हळू. आमच्या गावात कानगोष्टसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकू जाते. अशा गावात हळू बोलणारा माणूस लोकांना भीतिदायक वाटला तर नवल नाही.

अण्णा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम त्यांनी उभ्या जन्मात मोडला नाही. पालिकेची सर्वसाधारण सभा कितीही रंगात आलेली असो, उन्हं खिडकीच्या खालच्या गजाला लागली की अण्णा सभागृहातच डबा उघडायचे. नगरसेवक एकमेकांची बापजाद्यांपर्यंतची माहिती काढत असायचे आणि अण्णा शांतपणे ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी खात असायचे. डबा उघडा असेपर्यंत पैशाच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पैशाचे विषय एक तर दुपारी उरकले जायचे, नाही तर रखडायचे.

दुसरा त्यांचा नेम दुधाचा. आमच्याकडे भाजी मंडईजवळ संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि धार थेट तुमच्या ग्लासात काढून देतात. कचेरी सुटली की अण्णा त्या कट्ट्यावर जायचे. ग्लास दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून प्यायचे. मिशीवर राहिलेला फेस लगेच पुसायचे नाहीत, थोडा वेळ तसाच ठेवायचे. त्या वेळी घरफाळा बुडवणारा माणूससुद्धा त्यांच्या शेजारी निर्धास्त उभा राहू शकायचा, असं जुने लोक सांगतात. 'सांगतात' म्हणायचं कारण, मी आलो त्याच वर्षी अण्णांचं दूध सुटलं.

गावाला नवी नळपाणी योजना करायची होती. जुन्या पाइपातून कधी पाणी यायचं, कधी नुसती हवा. सरकारनं काही रक्कम दिली, उरलेली पालिकेनं उभी करायची होती. तेव्हा कुणीतरी वरून सुचवलं की पालिकेनं कर्जरोखे काढावेत. रोखा म्हणजे कागदावरचं वचन. तुम्ही पालिकेला पैसे द्यायचे, पालिका मुदतीपर्यंत व्याज देणार आणि मुदत संपली की मुद्दल परत करणार. ते परत कुठून येणार, तर घरफाळा आणि पाणीपट्टीतून. त्यासाठी अट अशी होती की कराचा जमा झालेला पैसा आधी बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात जायचा. तिथे रोख्यांचा वाटा बाजूला पडायचा, तो कर्जनिवारण निधीत साठत राहायचा, आणि उरेल ते पालिकेच्या हातात यायचं. त्यातून पगार, दिवाबत्ती, डिझेल. त्या निधीतला पैसा हलवायला मुख्याधिकारी आणि लेखापाल अशा दोघांच्या सह्या लागायच्या. मुख्याधिकारी येत-जात असायचे. अण्णा पालिकेचेच जुने नोकर, ते कुठेच जात नसत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं कुलूपअण्णा. ते नाव त्यांना ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं.

रोख्यांतले बरेचसे बँकांनी घेतले. थोडे गावकऱ्यांसाठी राखून ठेवले होते, ते घ्यायला कुणी येईना. लोकांचं म्हणणं सरळ होतं. जी पालिका पाणी देत नाही ती पैसे काय परत देणार? अण्णा दारोदार फिरले. लोकांना आधी वाटलं घरफाळा मागायला आलेत, म्हणून दारं लागली. रोखे घ्या म्हणताहेत हे कळल्यावर तर आतून कड्याच लागल्या.

शेवटी अण्णा आपल्या थोरल्या बहिणीकडे गेले. नेसरीच्या बाजूला एका खेड्यात ती एकटी राहायची. गावाला ती अक्का, आणि अण्णा तिचे 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. तिकडे कर्नाटकाच्या सीमेलगत घराघरांत असंच बोलतात. आई लवकर गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलेलं. उंच, धिप्पाड, नऊवारीचा कासोटा कसलेली. भावाच्या वाट्याचा आवाजही बहुतेक तिलाच मिळाला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिनं नुकत्याच आपल्या दोन्ही म्हशी विकल्या होत्या आणि ते पैसे तिच्याजवळ होते. अण्णांनी तिला रोख्याची माहिती सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पैसे बुडाले तर धरायचं कुणाला?

"मला," अण्णा म्हणाले.

अक्का उठली. गुडघे धरत धरत त्यांना गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, घेऊन गेली आणि तिथे त्यांना नियम घ्यायला लावला. आमच्याकडच्या जैनांत चातुर्मासात कुणी मीठ सोडतं, कुणी गूळ सोडतं. अक्कानं अण्णांना दूध सोडायला लावलं, तेही चातुर्मासापुरतं नव्हे. ती म्हणाली, "माझ्या म्हशी इकून तुझ्या पालिकेला पैसं देतेय. ते परत येईस्तोवर म्हशीच्या दुधाला तोंड लावायचं न्हाय." अण्णांनी मान हलवली, आणि अक्कानं पैसे दिले.

ही बातमी आमच्या गावात कशी आली देव जाणे, पण आली ती रोख्यांना गिऱ्हाइकं घेऊनच आली. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं आमच्या रोख्यांची पत इंग्रजी अक्षरांत ठरवली होती, ती कुणाला वाचता आली नाही. अण्णांनी दूध सोडलं याचा अर्थ मात्र पोराबाळांना कळला. ज्यांनी कड्या लावल्या होत्या तेच कडी काढून बाहेर आले आणि राखीव रोखे संपले.

आता दूध म्हणजे नेमकं काय, यावर कचेरीत बराच खल झाला. दही चालेल का? ताक? तूप? अखेर अक्काला फोन लावला. तिनं निकाल दिला, दही-ताकाला हरकत नाही, पण चहात दूध असतं, तेव्हा चहा कोरा. तेव्हापासून अण्णांच्या टेबलावर कोरा चहा येऊ लागला, आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ज्यांनी रोखे घेतले होते ती माणसं काही ना काही निमित्त काढून कचेरीत यायची, अण्णांच्या कपात डोकावायची आणि निघून जायची. पालिकेचा ताळेबंद फलकावर लावलेला असायचा, तो कुणी वाचायचं नाही. चहा काळा आहे ना, मग पैसे आहेत.

त्यातून एकदा चांगलाच गोंधळ झाला. एका साखरपुड्यात यजमानबाईंनी अण्णांच्या हातात दुधाचा चहा दिला. नको म्हटलं तर मान राखला नाही असं व्हायचं, म्हणून अण्णा तो कप नुसता हातात धरून कोपऱ्यात उभे राहिले आणि लक्ष नसताना कुंडीत ओतून मोकळे झाले. पण कप हातात असताना कुणी तरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत फाटकाशी माणसं उभी. निधी फुटला, अण्णांनी दुधाचा चहा घेतला, आमचे पैसे आत्ताच्या आत्ता द्या. मुख्याधिकारी नवे होते. चहाचा आणि कर्जनिवारण निधीचा संबंध काय हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. अण्णा आले, गर्दीसमोर उभे राहिले आणि त्या यजमानबाईंना बोलावून घ्या म्हणाले. त्या आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चहा प्यालं असतं तर बरं झालं असतं. माझं गुलाबाचं रोप गेलं की." गर्दी पांगली. अण्णांनी त्यांना नवं रोप आणून दिलं, आणि देताना त्यांचा घरफाळा भरलेला आहे याबद्दल आनंदही व्यक्त केला.

अण्णांची खरी गाठ पडली ती वस्तादांशी. वस्ताद म्हणजे आमचे नगराध्यक्ष. तरुणपणी त्यांनी मैदानं मारलेली, आता मंडईमागच्या तालमीत ते पोरांना तयार करायचे. मन मोठं, आवाज मोठा आणि हातही मोठा, विशेषतः खर्चाला. जत्रेतलं कुस्तीचं मैदान यंदा असं करायचं की कोल्हापुरानं तोंडात बोट घातलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. पंजाबातून पैलवान आणायचे होते. पैसे नव्हते. त्यांनी सभेत विषय काढला, "अण्णा, त्या खात्यात पैसं नुसतं पडून हाईत की. मैदान करू, आन् मार्चच्या वसुलीत भरून टाकू." सगळ्या सभागृहानं बाकं वाजवली. कुस्तीला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे पुन्हा निवडून येत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी हो-ना करत सही करायची तयारी दाखवली. राहिली अण्णांची सही.

मला वाटलं, आता अण्णा नियम वाचून दाखवतील. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि डबा उघडला. जेवण झाल्यावर वस्तादांना एवढंच म्हणाले, की उद्या तालमीत येतो.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या भिशीचा दिवस होता. भिशी नाही अशी तालीम आमच्याकडे शोधून सापडायची नाही. सगळे सभासद दर महिन्याला ठरलेली रक्कम घालतात, तांब्यात चिठ्ठ्या टाकतात, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. एकदा उचलली की शेवटपर्यंत हप्ते भरत राहायचं. त्यात कागद नाही, सही नाही, आणि तरी हप्ता चुकवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. अण्णा त्या भिशीचे जुने सभासद. मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. वस्ताद तांब्यात हात घालणार तेवढ्यात अण्णा उभे राहिले आणि म्हणाले की या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता मला द्या. घरावर पत्रा घालायचा आहे, मार्चमध्ये भरून टाकतो.

आत जोर काढणारी पोरंसुद्धा थांबली. वस्ताद म्हणाले, "अण्णा, खुळं झालायसा काय? भिशी हाय ती. ज्याची चिठ्ठी त्याची उचल."

"पैसं नुसतं पडून हाईत की," अण्णा म्हणाले.

"पडून कुठलं? लोकांचं हाईत ते. भिशीच्या पैशाला हात घालून ह्या तालमीची पायरी कोण चढंल?"

"मंग वस्ताद," अण्णा नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "पालिकेची पायरी कशी चढायची?"

वस्तादांचा हात तांब्याच्या तोंडाशीच राहिला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्या माणसानं असं गडगडाटी हसायला सुरुवात केली की तांब्या आडवा झाला आणि चिठ्ठ्या लाल मातीत पडल्या. मैदान झालं, पण लोकवर्गणीतून. पंजाबच्या ऐवजी पैलवान सांगलीहून आले. त्या दिवसापासून कर्जनिवारण निधी हे नाव फक्त कागदावर राहिलं. गाव त्याला पालिकेची भिशी म्हणू लागलं आणि तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होईना.

इथे गोष्ट संपली असती तर ते आमचं गाव कसलं? पुढच्याच सभेत वरच्या वस्तीच्या एक नगरसेविका घरून तांब्या घेऊन आल्या. आत सगळ्या वॉर्डांच्या नावाच्या चिठ्ठ्या. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. ही जर भिशी आहे, तर चिठ्ठी का काढत नाही? आमचा वॉर्ड इतकी वर्षं हप्ते भरतोय, आमची पाळी कधी? बघता बघता सगळ्या सभागृहाला ते पटलं. वस्तादांनाही पटलं. तांब्यात हात कुणी घालायचा यावर वाद सुरू झाला. अण्णा गोंधळलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आपणच दिलेला दाखला आपल्यावर उलटलेला माणूस कसा दिसतो हे पाहून मला हसू येत होतं, पण हसलो असतो तर नोकरी गेली असती.

अण्णा उठले. सभागृहाच्या दारातल्या नळावर गेले, ग्लास भरून आणला आणि त्या बाईंच्या समोर ठेवला.

"प्या वैनी."

बाई गोंधळून घोटभर पाणी प्यायल्या.

"ही उचल," अण्णा म्हणाले. "पहिल्याच बारीला समद्या गावानं मिळून उचलली. पाणी आलं न्हवं तुमच्यात? आता चिठ्ठी न्हाय. आता फकस्त हप्तं."

बाईंनी ग्लास पूर्ण संपवला आणि चिठ्ठ्या परत पर्सेत भरल्या. तांब्याही घेऊन गेल्या.

पण हप्ता म्हटलं की एखादं वर्ष वाईट येतंच. त्या पावसाळ्यात नदी गावात शिरली. खालच्या गल्ल्यांतला घरफाळा त्या वर्षापुरता माफ करावा लागला, आणि तो करायलाच हवा होता. वसुली घसरली. नियमाप्रमाणे जे जमलं त्यातून आधी रोख्यांचा वाटा गेला आणि पगाराला काही उरलं नाही. गणपती तोंडावर आलेले. सफाई कामगार, ड्रायव्हर, आम्ही कारकून, सगळे अण्णांच्या टेबलाभोवती जमलो. मीही त्यांच्यातच होतो, अण्णांच्या बाजूला नव्हतो. घंटागाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, तुमच्या अक्काचं पैसं सांभाळलासा. आमच्या चुली कुणी बघायच्या?"

अण्णांचा स्वतःचा पगारही अडकला होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते त्यांनी काढलं नाही. म्हणाले की आज एक हप्ता चुकवला तर उद्या या पालिकेला गावात कुणी दारात उभं करणार नाही, मग पुढचे पगार कोण देणार? मला तेव्हा ते बोलणं कोरडंच वाटलं. मग त्यांनी टोपी घातली आणि हलगीवाल्यांना बोलवा म्हणाले.

थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, म्हणजे लाजेनं तो पैसे भरतो, ही रीत तशी जुनी. सगळ्यात मोठी थकबाकी होती मंडईमागच्या गाळ्यांची. ते गाळे तालमीच्या मालकीचे आणि तालीम वस्तादांची. तिथे जाऊन हलगी वाजवायची म्हटल्यावर हलगीवालेच कचरले. अण्णा पुढे, हलगीवाले मागे आणि त्यांच्या बरेच मागे मी, अशी आमची वरात निघाली.

अण्णांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. आमच्याकडे हलगी वाजते ती कुस्तीच्या मैदानात. तालमीसमोर हलगी कडाडली आणि आतली पोरं लंगोटावर मांड्या थोपटत बाहेर आली. कुणाची कुस्ती, कुणाबरोबर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मंडईतली माणसं टोपल्या टाकून धावली, गोल कडं झालं, आणि कुणी तरी उत्साहानं अण्णांच्या डोक्यावर फेटा बांधला. शिडशिडीत अण्णा मध्यभागी आणि भोवती दंड थोपटणारे दहा-बारा पैलवान. मला वाटलं, आता यांना इस्पितळात न्यायचं कुणी.

गर्दी फोडत वस्ताद आले आणि त्यांनी विचारलं, कुणाची कुस्ती आहे.

"तुमची आन् माझी," अण्णा म्हणाले. "घरफाळ्याची."

लगेच अशी आरोळी उठली की म्हशी बिथरल्या. वस्तादांनी गर्दीकडे पाहिलं. मैदानात उतरलेला पैलवान पाठ दाखवत नाही, हे त्यांनीच त्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी मिशीवर ताव दिला आणि विचारलं, "बरोबरीत सोडवायची का निकाली करायची?"

"निकाली," अण्णा म्हणाले. "हप्त्यानं न्हाय."

वस्तादांनी तिथेच तालमीचं चेकबुक मागवलं. कुस्तीच्या मैदानात आमच्याकडे बघणारे लोक उठून पैलवानाला इनाम जाहीर करतात. सवयीनं एक किराणा दुकानदार उठला आणि ओरडला, भूपालअण्णांना माझ्याकडून माझा घरफाळा पुरा. मग दुसरा, मग तिसरा. इनामात मागे राहायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. हलगीवाला प्रत्येक नावाला एक ठेका द्यायचा. दुसऱ्या दिवशी भरणा खिडकीवरची रांग पार फाटकाबाहेर गेली होती, आणि गणपतीच्या आधी आमचे पगार झाले. त्या सकाळी घंटागाडीचा ड्रायव्हर अण्णांच्या टेबलावर कोरा चहा ठेवून गेला. मीही त्यांच्यासाठी असं काही तरी करायला हवं होतं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

रोख्यांची मुदत संपली आणि त्याच महिन्यात अण्णा निवृत्त होणार होते. परतफेडीच्या दिवशी सगळी कचेरी काम सोडून त्यांच्या टेबलाभोवती बसली होती. वस्ताद तर मंडईतून थेट म्हैसच घेऊन फाटकाशी आले होते. पैसे लोकांच्या खात्यांवर जमा होऊ लागले, मोबाइल वाजू लागले. वस्तादांनी स्वतःच्या हातानं भरलेला ग्लास अण्णांपुढे धरला. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, ग्लासाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. उन्हं अजून गजावर होती. तरी त्यांनी ग्लास घेतला नाही. म्हणाले, "नेम अक्कानं दिलाय. सोडवायचाबी तिनंच." वस्तादांनी तो ग्लास स्वतःच रिकामा केला आणि डोळे पुसले. फेस डोळ्यात गेला असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्यानंतर अण्णा बहिणीकडेच राहायला गेले. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. काही काळानं पालिकेनं भुयारी गटारीसाठी पुन्हा रोखे काढले, आणि गावकऱ्यांसाठी राखलेले रोखे पुन्हा तसेच पडून राहिले. नवा लेखापाल कोण आहे, कसा आहे, लोकांना काय ठाऊक? मी दारोदार फिरलो आणि दारं लागायचा आवाज ऐकून परत आलो. मग एका रविवारी सकाळी नेसरीची एसटी धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही, अक्काचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. रोख्याच्या पैशातून तिनं पुन्हा एक म्हैस घेतली होती. गुडघे मात्र होते तसेच, त्यामुळे ती गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि नुसते हुकूम सोडत होती. धार काढत होते अण्णा. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बादली मांड्यांत धरलेली, आणि मिशीवर ओला फेस. तो त्यांनी पुसला नव्हता. मला बघून ते हसले आणि म्हणाले, "या आजरेकर. गावात वसुली कशी हाय?"

अक्कानं मला घोंगड्यावर बसवलं आणि धारोष्ण दुधाचा पितळी पेला माझ्या हातात दिला. इतका मोठा पेला मी फक्त तिथेच पाहिला. मी तोंडाला लावणार तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमच्या पालिकेनं पुन्यांदा रोखं काढल्यात म्हणं?"

मी हो म्हटलं, गटारीसाठी काढलेत.

"ह्या बारीला कुलूप कोण हाय?"

अण्णांनी धार न थांबवता, मान न वळवता, दुधानं ओला झालेला एक हात माझ्या दिशेनं केला.

अक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बाजारात जनावर पारखतात तशी ती नजर होती आणि ती बराच वेळ माझ्यावरून फिरली. मग ती खुर्चीवरून उठली, माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि अण्णांपुढे ठेवला.

"तम्मा, धार झाली की आतनं माझं पासबुक आण," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा हळू आवाजात, "पावणं, तुमास्नी चहा कोरा टाकते."